टेप कंपनीचाच, वूफर आपला

दिवाळीच्या सुट्टीत आटपाडीच्या बाजारपेठेत उभ्या असलेल्या गाड्यांच्या नंबरपाट्या वाचत गेलं, तर बऱ्याच राज्यांची हजेरी लागते. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यापायी केरळ-तमिळनाडूपासून दिल्ली-पंजाबपर्यंत पांगलेली माणदेशी माणसं सणाला, यात्रेला गावी येतात, आणि त्यांतली बरीच आता स्वतःच्या गाडीनं येतात. कोइमतूरहून निघालं तर हजारेक किलोमीटरची वाट. गाणी लावल्याशिवाय ती सरत नाही. मग कुठंतरी घाटात, नाहीतर टोलनाक्यावर थांबलेलं असताना, शंका येते: पाचशे रुपयांच्या हेडफोनवर ढोलाचा जो दणका ऐकू येतो, तो आठ लाखांच्या गाडीत का येत नाही?

हीच शंका गावात राहणाऱ्यालाही येते. डाळिंबाच्या क्रेटनं भरलेला पिकअप रात्री मार्केटला नेणारा चालक असो, नाहीतर बोलेरोतून खरसुंडीच्या यात्रेला निघालेलं कुटुंब असो. मग गाडी कार डेकोरच्या दुकानासमोर उभी राहते. दुकानात भिंतीला लागून बारा इंची वूफर ओळीनं मांडलेले असतात, प्रत्येकावर हजार-दोन हजार वॅटचे आकडे चमकत असतात. निम्मे पैसे त्या आकड्यांवर जातात. खरं काम असतं वायर, फ्यूज, अर्थिंग आणि सेटिंगचं, आणि त्यासाठी शेवटी पैसे उरत नाहीत. कंपनीचा टेप तसाच ठेवून वूफर आणि अँप्लिफायर बसवायचा असेल, तर हा हिशेब उलटा करावा लागतो.

कंपनीच्या टेपला बेस का झेपत नाही

टेपच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा ‘५० वॅट गुणिले ४’ असं छापलेलं असतं. हा आकडा क्षणभराच्या उसळीचा आहे. गाडी चालू असताना अल्टरनेटर साधारण १४.४ व्होल्ट देतो. टेपच्या आतल्या छोट्या अँपला त्यातले तेराएक व्होल्ट वापरता येतात. चार ओहमच्या स्पीकरवर त्याचा हिशेब मांडला, तर सलग मिळणारी ताकद निघते वीस-बावीस वॅट. टेप कोणत्याही कंपनीचा असो, आत व्होल्टेज वाढवणारी वेगळी सोय नसेल तर या मर्यादेपलीकडे जाता येत नाही.

दुसरी अडचण स्पीकरच्या आकाराची. आवाजाची पातळी तीच ठेवून सूर एक सप्तक खाली नेला, म्हणजे ८० हर्ट्झवरून ४० हर्ट्झवर आणला, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट मागेपुढे हलावं लागतं. दरवाजातला साडेसहा इंची स्पीकर एवढी झेप घेऊ शकत नाही. त्याच्या पडद्याचं क्षेत्रफळ १३० चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतं. बारा इंची वूफरचं त्याच्या साडेतीनपट तरी असतं. त्यात दरवाजा म्हणजे पातळ पत्र्याचा पोकळ डबा. म्हणून कंपन्या टेपमध्येच खालचे सूर दाबून ठेवतात, आणि व्हॉल्यूम वाढवला की काही टेप बेस आणखी कमी करतात. स्पीकर फाटू नये म्हणून केलेली ती तजवीज असते.

काही नव्या गाड्यांत ही उणीव कारखान्यातच भरून काढलेली असते. चाकणला तयार होणाऱ्या स्कॉर्पिओ-एनच्या वरच्या मॉडेलमध्ये २०२२ पासून सोनीची बारा स्पीकरची यंत्रणा मिळते. त्यात वूफर आणि अँप कंपनीचेच असतात. अशा गाडीत वेगळा वूफर जोडण्याआधी दहादा विचार करावा. तिथं प्रत्येक स्पीकरला जाणारा आवाज आधीच कापून-छाटून पाठवलेला असतो. दरवाजाच्या वायरीवर खालचे सूर येतीलच याची खात्री नसते. साधा चार किंवा सहा स्पीकरचा टेप असलेली डिझायर, अर्टिगा, बोलेरो, टियागो या गाड्यांचं काम त्या मानानं सरळ आहे.

गाडी कोणती, त्यावर वूफर कोणता

वूफरचे ढोबळ तीन प्रकार बाजारात आहेत. पहिला सीटखाली मावणारा, सात-आठ सेंटिमीटर उंचीचा चपटा डबा. त्यातच अँप बसवलेला असतो. सोनी, पायोनियर, जेबीएल यांचे असे डबे सहज मिळतात. दुसरा बेस ट्यूब, म्हणजे डिकीत आडवा पडणारा नळकांड्यासारखा. तिसरा लाकडी खोक्यातला दहा किंवा बारा इंची वूफर आणि त्याला वेगळा अँप.

पिकअपला सीटखालच्या डब्याशिवाय पर्याय नाही. केबिनमध्ये दुसरी जागाच नसते. सीएनजी गाडीत डिकी बहुधा टाकीनं व्यापलेली असते, तिथंही हाच डबा योग्य. टाकीच्या ब्रॅकेटला, पाइपला किंवा व्हॉल्व्हच्या आसपास वायर बांधणं किंवा पत्र्याला भोक पाडणं पूर्ण टाळावं. घरच्यांसोबत प्रवास, डिकीत बॅगा आणि डाळिंबाची पेटी अशी गरज असेल, तर सेडान किंवा हॅचबॅकवाल्यालाही सीटखालचा डबा पुरतो. गाण्याचा पाया भरून काढायचं काम तो चोख करतो. काचा थरथरवायचं काम त्याच्याकडून होत नाही आणि ती अपेक्षा ठेवूही नये.

खोका घ्यायचाच ठरला तर बंद आणि भोकाचा यांतला फरक समजून घ्यावा. बंद खोक्यात आवाज घट्ट आणि आटोपशीर येतो. दहा इंची वूफरला वीस-पंचवीस लिटर, बारा इंचीला तीस-पस्तीस लिटर जागा बहुधा पुरते. पुढं भोक असलेला, म्हणजे पोर्टेड खोका तेवढ्याच वॅटमध्ये जास्त दणका देतो, पण त्याला पन्नासएक लिटर जागा लागते आणि माप चुकलं तर नुसतं घुंई होत राहतं. वूफरच्या कागदावर कंपनीनं खोक्याचं माप दिलेलं असतं. सुताराकडून अठरा मिलिमीटर एमडीएफमध्ये खोका करून घेणार असाल तर तो कागद त्याच्या हातात द्यावा. वीस किलोचा खोका डिकीत सुटा ठेवू नये. अचानक ब्रेक लागला की तो पुढच्या सीटवर येतो. बोलेरोत मागं समोरासमोर पोरं बसतात, तिथं तर पट्ट्यानं किंवा क्लॅम्पनं आवळूनच टाकावा.

मालट्रकवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते, गाडीच्या अँपला मात्र १२ व्होल्ट लागतात. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून थेट १२ व्होल्ट काढण्याची सवय सर्रास दिसते. त्यानं एक बॅटरी सतत रिकामी होत राहते, दुसरी जादा चार्ज होते, आणि वर्षभरात दोन्ही जातात. २४ चे १२ करणारा, पुरेशा अँपिअरचा कन्व्हर्टरच लावावा.

वॅटचा आकडा तपासायचा कसा

खोक्यावर २००० वॅट छापलेलं असलं तरी अँपच्या पाठीमागचा फ्यूज खोटं बोलत नाही. समजा त्यावर ३० अँपिअरचा फ्यूज आहे. ३० गुणिले १३.८ व्होल्ट म्हणजे ४१४ वॅट. एवढीच वीज सलगपणे आत जाऊ शकते. क्लास-डी प्रकारचा अँप असेल तर त्यातले ऐंशी टक्के बाहेर येतील, म्हणजे सव्वातीनशे वॅट. क्लास-एबी असेल तर निम्म्याहून थोडे जास्त. मग दोन हजार येणार कुठून? दुकानदाराला विचारायचा शब्द एकच: आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी ताकद, किती? त्यातही १४.४ व्होल्टवर, एक टक्क्याच्या आत विकृती धरून मोजलेला, सीटीए-२००६ या मानकाचा आकडा असेल तर तो विश्वासाचा.

आटपाडीतल्या रस्त्यांवर, काचा बंद करून गाणी ऐकणाऱ्याला दीडशे ते तीनशे वॅट आरएमएस भरपूर होतात. वूफर आणि अँप यांचे आरएमएस आकडे जवळपास जुळावेत. वूफरची कॉइल किती ओहमची आहे तेही पाहावं. चार अधिक चार ओहमची दुहेरी कॉइल समांतर जोडली तर दोन ओहम होतात, एकामागं एक जोडली तर आठ. अँपवर ‘किमान ४ ओहम’ लिहिलं असताना दोन ओहमवर चालवला, तर तो काही दिवस जोरात वाजतो आणि मग जळतो.

टेपमधून आवाज काढताना

कंपनीच्या टेपला पाठीमागं आरसीएचं, म्हणजे वेगळ्या अँपला आवाज देणारं, सॉकेट बहुधा नसतं. म्हणून टेप बदला, असा सल्ला लगेच मिळतो. आजच्या गाडीत टेप बदलणं म्हणजे रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणं, कधी गाडीच्या सेटिंग्जही पणाला लावणं. त्याची गरज नाही. बहुतेक चांगल्या अँपना ‘हाय लेव्हल इनपुट’ असतो. स्पीकरला जाणारी वायरच त्यात जोडता येते. अँपला ती सोय नसेल तर मध्ये हाय-लो कन्व्हर्टर लावावा. आवाज मागच्या दरवाजाच्या स्पीकरवरून किंवा टेपच्या मागच्या कपलरवरून घेतात. वायर कापून पिळे मारण्यापेक्षा त्या मॉडेलचा तयार कपलर आणावा. तो मध्ये बसतो, वायर कापावी लागत नाही, आणि उद्या काढला तर गाडी होती तशी. वॉरंटीतल्या गाडीच्या मालकानं हा खर्च टाळू नये, कारण सर्व्हिस सेंटरवाल्याची नजर आधी कापलेल्या वायरीवरच जाते.

अँप चालू-बंद व्हायला एक बारीक रिमोट वायर लागते. बरेच नवे अँप टेप सुरू झाल्याचं स्वतः ओळखतात. टेप चालू होताच स्पीकरच्या वायरींवर सहाएक व्होल्टचा स्थिर दाब येतो, त्यावरून त्यांना कळतं. तशी सोय नसेल तर चावी फिरवल्यावरच वीज येणाऱ्या फ्यूजवरून, फ्यूज टॅप लावून, रिमोट घ्यावा. कायम चालू असलेल्या फ्यूजवर तो जोडला तर अँप रात्रभर जागा राहतो आणि तीन-चार दिवस उभी राहिलेली गाडी सुरू होत नाही. दोष मात्र बॅटरीच्या माथी येतो.

खरा पैसा इथं घालावा

विहिरीवरच्या मोटारीला लांबून बारीक केबल ओढली की मोटार गुणगुणते पण पाणी उचलत नाही, हे आटपाडीच्या शेतकऱ्याला शिकवावं लागत नाही. अँपचं दुखणं नेमकं तेच आहे, फक्त इथं व्होल्ट बारा असल्यानं झळ कितीतरी जास्त बसते. तीनशे वॅट आरएमएसचा क्लास-डी अँप पूर्ण जोरात २७ अँपिअरच्या आसपास ओढतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर वायर धरू. अडीच चौरस मिलिमीटरची घरगुती वायर वापरली तर वाटेतच जवळपास एक व्होल्ट खर्ची पडतो आणि गालिच्याखालची वायर पंचवीस वॅटनं तापत राहते. तीच वायर दहा चौरस मिलिमीटरची घेतली, तर तूट पाव व्होल्टवर येते. त्यामुळं तीनशे वॅटपर्यंत दहा चौरस मिलिमीटर, त्यापुढं सोळा किंवा पंचवीस, असा हिशेब ठेवावा.

वायर तांब्याची आहे ना, हेही पाहावं. अँपसोबत मिळणाऱ्या स्वस्त किटमध्ये वरून तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार असते. टोकाची एक तार ब्लेडनं खरवडली आणि आत पांढरं दिसलं, की समजावं. तीच वापरायची असेल तर मग एक माप मोठी घ्यावी लागते.

फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. अँपवर फ्यूज आहेच की, असा युक्तिवाद केला जातो. तो फ्यूज अँपला वाचवतो. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकात वायर घासून उघडी पडली, तर बॅटरी शेकडो अँपिअर त्या पत्र्यात ओतते, आणि अँपवरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. गाडी पेटण्याचं हे कारण टाळायला शंभर-दोनशे रुपयांचा फ्यूज होल्डर पुरतो. तीनशे वॅटला ४० अँपिअरचा फ्यूज लावावा. पत्र्यातून वायर नेताना रबरी ग्रोमेट घालावा, आणि इंजिनच्या बाजूला वायरीवर फ्लेक्झिबल पाइप चढवावा. गोठ्याशेजारच्या शेडमध्ये गाडी लागत असेल तर पाइप दुप्पट कामाचा, उंदीर आधी नवी वायर कुरतडतात.

पॉवरची वायर गाडीच्या एका कडेनं आणि आवाजाची दुसऱ्या कडेनं न्यावी. दोन्ही एकत्र बांधल्या, की अॅक्सिलरेटर दाबताच स्पीकरमधून बारीक शिट्टी यायला लागते आणि ती आरपीएमबरोबर चढते. दरवाजाच्या पट्टीखाली किंवा सीटखाली पिवळे कपलर दिसले तर त्यांना हात लावू नये. ते एअरबॅगचे असतात.

आता अर्थिंग. सगळ्यांत जास्त कामचुकारपणा इथं होतो, कारण झाकल्यावर काही दिसत नाही. अँपच्या जवळ, दीड फुटाच्या आत, गाडीच्या मूळ सांगाड्याच्या पत्र्यावर जागा निवडतात. आधी खाली वाकून बघतात: तिथं इंधनाची टाकी, ब्रेकचा पाइप आहे का? मग सँडपेपरनं रुपयाएवढ्या गोलात रंग खरवडतात, पत्रा चकाकेपर्यंत. पॉवरच्या वायरीएवढ्याच जाडीच्या काळ्या वायरीला थिंबल चढवून पक्कडीनं नव्हे तर क्रिंपिंग टूलनं दाबतात. थिंबल थेट पत्र्यावर, त्यावर दातेरी वॉशर, मग बोल्ट आणि नट. वरून थोडं ग्रीस किंवा रंग, म्हणजे गंज धरत नाही. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ देणं सोपं असतं, पण तो बोल्ट जीव वाचवायला आहे, तो मोकळा करू नये. शेवटी गाणं जोरात लावून मल्टिमीटरचं एक टोक अँपच्या निगेटिव्हवर आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर धरावं. ०.२ व्होल्टच्या आत आकडा असेल तर अर्थिंग पक्कं झालं.

अलीकडच्या काही गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटा सेन्सर असतो. तो बॅटरीत किती वीज येते-जाते ते मोजतो. अशा गाडीत अँपची अर्थ वायर टर्मिनलवर न देता बॉडीवरच द्यावी, नाहीतर सेन्सरचा हिशेब चुकतो. काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं असतं. काही टेप त्यानंतर कोड मागतात. तो गाडीच्या कागदपत्रांत आहे का, हे आधीच बघून ठेवावं.

बॅटरी किती साथ देते

लहान पेट्रोल गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची असते. संगीत सतत पूर्ण जोरात नसतं, त्यामुळं अँपची सरासरी ओढ कमालीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास राहते. तरी इंजिन बंद ठेवून दोन तास गाणी वाजवली तर निम्मी बॅटरी संपते, आणि शेतावर हळदीचा कार्यक्रम आटोपल्यावर गाडी ढकलायची वेळ येते. गाडी बंद असताना १२.६ आणि चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर बॅटरी-अल्टरनेटर ठीक आहेत. बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिचकत असेल तर आधी वायर आणि अर्थिंग तपासावं. त्यावर कपॅसिटर विकण्याचा सल्ला मिळतो. तो बहुतेक वेळा दुखण्यावर पांघरूण घालतो.

सेटिंग: मल्टिमीटर आणि बाबूजींचा आवाज

अँपवरच्या गेनच्या बटणाला व्हॉल्यूम समजून ते टोकाला फिरवलं जातं. गेनचं काम टेपकडून येणारी पातळी आणि अँपची पातळी जुळवणं एवढंच. ते जास्त झालं की आवाजाच्या लहरीचे माथे कापले जातात, आणि वूफरची कॉइल तापून जळते. दुकानात बदलायला आलेल्या जळक्या वूफरांमागं बहुतेकदा हेच कारण असतं.

मोजून गेन लावण्याची रीत सोपी आहे. अँपचे आरएमएस वॅट गुणिले वूफरचे ओहम, आणि त्याचं वर्गमूळ. दोनशे वॅट आणि चार ओहमला ते २८.३ व्होल्ट येतं. वूफरची वायर सोडवून ठेवावी. टेपचे बेस-ट्रेबल शून्यावर, बेस बूस्ट बंद, गेन सर्वांत खाली. पेन ड्राइव्हवरून ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा चाचणी सूर लावावा आणि टेपचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांश ठेवावा. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या आउटपुटला लावावा आणि गेन सावकाश वाढवत २८ वर थांबावं. त्यापुढं टेपचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांशाच्या वर नेऊ नये, हे घरातल्या पोरांनाही सांगून ठेवावं. सीटखालच्या डब्यात आउटपुट उघडं नसतं. तिथं गेन वाढवत जाऊन आवाज फाटायला लागला की थोडं मागं यावं.

वूफरला फक्त खालचे सूर जाऊ देणारा लो-पास फिल्टर ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करावी. पोर्टेड खोका असेल तर अगदी तळाचे सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टर पंचवीस-तीस हर्ट्झवर लावणं आवश्यक आहे. पुढचं काम कानाचं, आणि त्यासाठी आटपाडीकरांना बाहेर जायची गरज नाही. गदिमांचा जन्म १९१९ मध्ये याच तालुक्यातल्या शेटफळ्याचा. त्यांचं गीतरामायण १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर गाजलं. बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, आवाजातलं त्यातलं कोणतंही गाणं लावावं. पुरुषाच्या आवाजाचा पाया शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्यावर असतो. म्हणजे वूफरनं त्या आवाजाला जवळपास हात लावायचा नाही. बाबूजींचा आवाज डॅशबोर्डकडून आला तर सेटिंग बरोबर. तो घोगरा, जड वाटला किंवा डिकीतून यायला लागला, तर लो-पास सत्तर-साठवर आणावा, गेनही थोडं उतरवावं. तबल्याचा डग्गा मात्र भरीव लागला पाहिजे.

दुसरी चाचणी धनगरी गजनृत्याच्या ढोलाची. माणदेशात हा ढोल प्रत्यक्ष ऐकलेले कान घरोघर आहेत, त्यामुळं परीक्षक मिळायला अडचण नाही. प्रत्येक थाप वेगळी सुटली पाहिजे. थापा एकमेकींत मिसळून नुसती घरघर येत असेल तर खोक्याचं माप किंवा पोर्ट चुकलाय, नाहीतर बेस बूस्ट कुणीतरी चालू केलाय. तिसरं, ‘सैराट’ची गाणी (२०१६). अजय-अतुलनी त्यासाठी सिम्फनी वाद्यवृंद वापरला आहे. चेलो आणि डबल बेस यांचे सूर ओढलेले, लांबणारे आहेत. एखादाच सूर उसळून बाहेर येत असेल तर तो गाडीच्या केबिनचा दोष असतो. खोक्याचं तोंड फिरवून, थोडी जागा बदलून पाहावी. अँपवर फेजचं बटण असतं, शून्य आणि १८०. चालकाच्या सीटवर बसून दोन्हीकडं फिरवावं, आणि ज्यात बेस जास्त भरलेला वाटेल तिथं ठेवावं.

खडखड आणि ऊन

वूफर लागल्यावर पहिल्यांदा गाडीचे सुटे भाग बोलायला लागतात: नंबरप्लेट, डिकीची पार्सल ट्रे, दरवाजाच्या पट्ट्या. नंबरप्लेटमागं फोमची पट्टी आणि दरवाजाच्या आत ब्युटाइलची शीट लावली की खडखड बरीच थांबते, वर कंपनीच्या स्पीकरचाही आवाज सुधारतो. गच्चीच्या गळतीला लावायची डांबरी पट्टी स्वस्त पडते म्हणून दरवाजात चिकटवू नये. मे महिन्याच्या उन्हात ती मऊ पडते, घसरते आणि गाडीभर वास सुटतो.

उन्हात उभ्या गाडीत अँप आधीच तापलेला असतो. त्याच्या चारी बाजूंनी दोन-तीन इंच मोकळी जागा ठेवावी आणि तो थेट खोक्यावर स्क्रूनं आवळू नये, कारण थरथरीनं आतले टाके सुटतात. सीटखालचा डबा असेल तर शेतातल्या मोटारीचा पाइप लावून गाडी आतून धुण्याची सवय सोडावी लागेल.

कायदा, कान आणि विमा

टेप, अँप, वूफर हे आरसी बुकातल्या नोंदीत येत नाहीत, त्यामुळं ते बसवण्याला सहसा अडचण नसते. मागची सीट काढून खोका बसवला तर मात्र आसनक्षमता बदलते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न उभा राहतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बदलाला प्रत्येकी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आवाजाच्या मर्यादेचा भंग झाला तर कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि लायसनही तीन महिने जाऊ शकतं. ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीतल्या डॉल्बीशी बरोबरी करायला निघालेली गाडी, काचा खाली केल्या की ही मर्यादा सहज ओलांडते.

कानांचा हिशेब याहून कडक आहे. ८५ डेसिबल आवाज आठ तास सोसतो, पण दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. मागून आलेल्या रुग्णवाहिकेचा भोंगा आणि उसाच्या ट्रॉलीला ओलांडणाऱ्याचा हॉर्न ऐकू येईल एवढाच आवाज रस्त्यावर ठेवावा.

काम झाल्यावर पक्कं बिल घ्यावं, त्यावर वस्तूंचे मॉडेल नंबर लिहून घ्यावेत आणि ते विमा कंपनीला कळवावं. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंना वेगळं संरक्षण मिळतं आणि त्याचा हप्ता साधारण किमतीच्या चार टक्के असतो. वीस हजारांच्या साहित्याला वर्षाला आठशे रुपये. महिन्याभरानं गाडी पुन्हा त्याच दुकानात न्यावी. बॅटरीचं टर्मिनल, फ्यूज होल्डर आणि अर्थिंगचा बोल्ट परत आवळून घ्यावा. फ्यूज होल्डर हाताला गरम लागत असेल तर त्यातली पकड ढिली आहे, तो तिथंच बदलून घ्यावा, आणि त्याच मापाचा एक जादा फ्यूज डॅशबोर्डच्या खणात टाकून ठेवावा.